'निरंक' उत्तरानंतर वाहनवेगाची आकडेवारी कशी मिळवली – माझा अनुभव

"सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही, सबब निरंक." आमच्या रस्त्यावरच्या वाहनवेगाची आकडेवारी माहिती अधिकारात मागितली, तेव्हा 28 व्या दिवशी आलेलं उत्तर एवढंच होतं. त्याआधी याच कार्यालयाने "सर्वेक्षणानुसार सरासरी वेग मर्यादेत आहे" असं लेखी कळवून रहिवाशांची गतिरोधकाची मागणी फेटाळली होती. मागणी फेटाळायला आकडे होते, पण ज्यांची मुलं तो रस्ता ओलांडतात त्यांनी मागितले की ते गायब. त्याची चीड अजून गेलेली नाही. तुमच्याही हातात असं उत्तर पडलं असेल तर पुढे काय करायचं, ते लिहितो.

अर्जाचं सोपं आहे. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' हा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, 150 शब्दांची मर्यादा. कारण लिहायचं नाही, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) नुसार ते कोणी विचारूही शकत नाही. आवक शिक्का मारलेली पोच मात्र जपून ठेवा, उत्तराची मुदत तिथून मोजली जाते.

माझी पहिली चूक म्हणजे पहिला अर्ज वाहतूक पोलिसांकडे केला. त्यांच्याकडून चलनांची संख्या आली. ती खरी होती, पण या कामाला निरुपयोगी. स्पीड गन किंवा कॅमेऱ्याच्या चलनात फक्त मर्यादा ओलांडणारी वाहनं येतात. मर्यादेत धावणारी किती होती हे त्यात नसतं, त्यामुळे टक्केवारी काढताच येत नाही. प्रत्येक वाहनाचा वेग नोंदवणारं सर्वेक्षण सहसा रस्त्याची मालकी असलेल्या विभागाकडे असतं, म्हणजे महापालिकेचा रस्ते किंवा वाहतूक नियोजन विभाग नाहीतर सार्वजनिक बांधकाम विभाग. आधी रस्ता कोणाचा हे पक्कं करा. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज कलम 6(3) खाली 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका.

आता रस्त्याची मालकी असलेल्या विभागाकडून आलेल्या त्या 'निरंक'बद्दल. कार्यालय सरळ खोटं बोलत होतं असंही नाही. सर्वेक्षण बाहेरच्या सल्लागार संस्थेकडून करून घेतलं होतं. विभागाच्या फाइलमध्ये छापील अहवाल होता आणि मोजणीची मूळ फाइल संस्थेच्या संगणकात. मी मागितली होती 'आकडेवारी', त्यांनी कपाट पाहिलं आणि नाही म्हणून कळवलं. पण कायद्यात फक्त कपाटातली माहिती येत नाही. कलम 2(ञ) मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाकडे असलेली 'किंवा त्याच्या नियंत्रणाखालील' माहिती असे शब्द आहेत. सरकारी पैशातून करून घेतलेल्या कामाची मूळ फाइल करारानुसार विभागाला सादर करायची असेल, तर ती विभागाच्या नियंत्रणाखाली आहे, मग ती कोणाच्याही संगणकात असो.

प्रश्न होता तो हे सिद्ध करण्याचा. आकडेवारी पुन्हा न मागता, ती अस्तित्वात असल्याचे कागद मागितले. त्याच विभागाकडे केलेल्या या दुसऱ्या अर्जात चारच गोष्टी होत्या: सर्वेक्षणाचा कार्यादेश, करारनाम्यातील 'सादर करावयाच्या बाबी' हे कलम, अहवाल सादर करतानाचं संस्थेचं पत्र आणि अंतिम देयक. हे कागद लेखा विभागात असतात आणि लेखापरीक्षणासाठी ठेवावेच लागतात, त्यामुळे त्यांना निरंक म्हणणं कठीण जातं. सोबत अभिलेख तपासणीही मागितली होती.

तपासणीला पेन्सिल घेऊन जा. महाराष्ट्राच्या नियमांत तपासणीवेळी पेन्सिलच चालते, पेन अधिकाऱ्याकडे जमा करावं लागतं. फाइलचं पान न् पान उलटा, टिपणीचा भागही वाचा. माझ्या फाइलमध्ये देयकाला जोडलेल्या पत्रावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: "अंतिम अहवाल 3 प्रती, मूळ मोजणी डेटा सीडीसह." खाली विभागाचा आवक शिक्का आणि "प्राप्त" अशी सही. जी माहिती निरंक होती तिची पोच तिथे होती. त्या एका पानाची साक्षांकित प्रत 2 रुपयांत मिळाली आणि पुढचं सगळं काम तिने केलं.

प्रथम अपील (त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे) उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं, जोडपत्र 'ब', 20 रुपये. लांबलचक तक्रार लिहू नका. मी तीन मुद्दे लिहिले. पहिला, सीडी मिळाल्याची पोच सोबत जोडली आहे. दुसरा, कलम 2(ञ) मधलं नियंत्रण. तिसरा, कलम 19(5): नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्याची आहे. अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, फार तर कारणं नोंदवून 45 दिवसांत व्हायला हवा.

सुनावणीत 'निरंक' सोडून नवीनच कारणं पुढे आली, त्यांची तयारी ठेवा. "माहिती फार मोठी आहे, साधनसामग्री खर्ची पडेल, कलम 7(9)." हे कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची एवढ्यापुरतं आहे, त्यावरून माहिती नाकारता येत नाही, आणि सीडीची प्रत करायला साधनसामग्री खर्ची पडते असं कोणी म्हणू शकत नाही. "संस्थेची व्यापारी गोपनीयता, कलम 8(1)(घ)." सार्वजनिक रस्त्यावरून गाड्या किती वेगाने गेल्या यात कोणाचं व्यापारी गुपित? "वाहन क्रमांक खासगी आहेत." हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची सोय कलम 10 मध्ये आहे: तो कॉलम वगळून बाकीचं द्या. अर्जातच "वाहन क्रमांक वगळून" असं लिहिलं असतं तर हा मुद्दा निघालाच नसता. तुम्ही पहिल्याच अर्जात लिहा.

तयार शतमान (ठरावीक टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत होती तो आकडा) मागू नका, हेही सुरुवातीला सांगायला हवं होतं. "85 वा शतमान वेग काढून द्या" म्हटलं की उत्तर येतं, माहिती तयार करून देणं बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या आदित्य बंदोपाध्याय निकालाप्रमाणे ते बरोबरही आहे. असलेली मूळ फाइल मागा, आहे त्याच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात: तारीख, वेळ, दिशा, लेन, वाहनप्रकार, वेग. गणित आपण करायचं.

अपिलात आदेश झाला आणि एक्सेल फाइल हातात आली. वाहतूक अभियंते 85 वा शतमान पाहतात, म्हणजे 100 पैकी 85 वाहनं ज्या वेगाच्या आत होती तो वेग. वेगाचा कॉलम चढत्या क्रमाने लावा आणि 85 टक्क्यांवरची ओळ वाचा. पण आधी गर्दीचे तास वेगळे काढा. कोंडीत रांगत जाणाऱ्या शेकडो गाड्या सरासरी खाली ओढतात, आणि आमच्या अहवालात तेच झालं होतं: 24 तासांची एकच सरासरी. रात्री 10 ते सकाळी 6 वेगळं काढल्यावर तोच रस्ता फलकावरच्या मर्यादेच्या बराच वर गेला. दुसरं म्हणजे यंत्र कुठे लावलं होतं ते बघा. सिग्नलजवळ किंवा आधीच्याच गतिरोधकापाशी मोजलेला वेग कमीच येणार. आमच्या मोजणीची जागा चौकाला लागून होती, अपघात होतात ते वळण तिथून बरंच पुढे आहे. वेगाच्या कॉलममध्ये 0 किंवा अशक्य आकडे असलेल्या ओळीही तपासून वगळा, आणि किती वगळल्या ते लिहून ठेवा, कारण समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

मुदतीत उत्तरच आलं नाही तर कलम 7(6) नुसार माहिती फुकट द्यावी लागते. प्रथम अपिलातही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. तिथे बराच वेळ जातो, म्हणून सीडीच्या पोचेसारखा कागद प्रथम अपिलाआधीच हाती घ्या.

गतिरोधकाचा नवीन अर्ज आता तासवार तक्त्यासह गेला आहे. सोबत मागणी केली आहे की पुढची मोजणी वळणापाशी, चौकापासून लांब, सलग 7 दिवस व्हावी आणि तिची मूळ फाइल विभागाने स्वतःकडेच ठेवावी.