शेंगा फोडणारी आजी दोन घरांत

यंदा मार्चपासून आमच्या वंशावळीत भर पडली ती फक्त 23 नावांची. एरवी वर्षाकाठी शंभरेक तरी पडतात. बाकीचा वेळ कुठे गेला ते सांगते, कारण तुमच्यापैकी ज्यांनी आपली वंशावळ ऑनलाइन टाकली आहे त्यांच्यावरही ही वेळ येईल. कदाचित आलेलीही असेल, फक्त पत्ता लागला नसेल.

झालं असं की पणजोबांचा धाकटा भाऊ घरातून भांडून मुंबईला गिरणीत गेला, त्याचा वंश मी शोधत होते. नाव, गाव आणि आडनाव टाकलं तर एका परदेशी संकेतस्थळावर आमचं अख्खं घराणं उघडलं, अकरा पिढ्या, ओळीनं. टाकणारा अनोळखी. आधी आनंदच झाला, गिरणीवाल्याचा पणतू सापडला म्हणून. मग एका नावाखालची टीप वाचली: ‘आजीनं अंगणात शेंगा फोडताना सांगितलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाव वेगळं सांगितलं.’

ही टीप माझी आहे. 2016 चा मे महिना, कागल तालुक्यातलं आमचं घर. आजीच्या उजव्या अंगठ्याचं नख शेंगा फोडून फोडून आडवं चिरलेलं होतं. नाव आठवेना की ती शेंग फोडायची थांबायची, तशीच दोन बोटांत धरून बसायची, आणि नाव सापडलं की टचकन फोडायची. दाणे सुपात, टरफलं पदरात. आता या अनोळखी गृहस्थांच्याही आजीनं म्हणे त्याच अंगणात तशाच शेंगा फोडल्या, आणि तिलाही नाव दोनदा वेगळं आठवलं.

राग आला की मी हिशेब करायला बसते. चोरी सिद्ध करायची तर कशावरून, याचा एप्रिलभर हिशेब केला.

पहिला पुरावा क्रमांकांचा. मी प्रत्येक माणसाला माझा स्वतःचा क्रमांक देते. ‘को-3-2-1’ म्हणजे तिसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या भावाचा थोरला. वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची जी जेडकॉम फाइल असते, तिच्यात असल्या संदर्भ क्रमांकाला वेगळी जागा असते आणि फाइल जशीच्या तशी उचलली की तो क्रमांकही सोबत जातो. या गृहस्थांकडे ‘को’ आहे. ‘को’ म्हणजे काय, हे त्यांना विचारावंसं फार वाटलं होतं.

दुसरा पुरावा जरा लाजिरवाणा आहे, पण मोडी शिकणाऱ्यांना उपयोगाचा म्हणून सविस्तर सांगते. पाटीलकीच्या तंट्याचं एक निवाडपत्र आहे, त्यात आमचा एक पूर्वज साक्षीदार आहे. कागदावर साल शुहूर सनाचं (मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना), अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं: खमस सितैन मया व अलफ. खमस पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणून 1165. त्यात 599 मिळवले की 1764, म्हणजे 1764 च्या मृगापासून 1765 च्या मृगापर्यंतचं साल. आता गंमत बघा. साठ म्हणजे सितैन आणि नव्वद म्हणजे तिसैन. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की तीस वर्षं सरकली. बोरू घाईत चालला असेल तर आधी स की आधी त, हे तेव्हा मोडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मला कुठून कळणार? मी तिसैन वाचलं आणि 1794 लिहून मोकळी झाले.

पुढे 2021 मध्ये समानीन मया व अलफचा, म्हणजे 1779-80 चा एक कागद हाती आला. त्यात हाच माणूस मयत आणि वहिवाट मुलाच्या नावे. मयत झाल्यावर चौदा वर्षांनी साक्ष द्यायला आलेला पूर्वज आपल्याकडे असावा असं कुणाला वाटणार नाही? पण मी निमूटपणे भिंग घेऊन परत बसले आणि माझ्या फाइलमध्ये 1764 केलं. (पानिपतच्या आसपासचे कागद वाचलेल्यांना हा घोळ होत नाही. इहिदे सितैन, म्हणजे एकसष्ट, त्यांच्या डोळ्यांना पक्कं झालेलं असतं. नव्यांनी आधी ते कागद वाचावेत.)

त्या गृहस्थांकडे अजून 1794 आहे. त्यांच्याकडूनच पुढे गेलेल्या आणखी दोन वंशावळींतही 1794 आहे. माझं बरोबर साल माझ्या कपाटात आणि माझी चूक तीन देशांत.

तिसरा पुरावा लेकींचा. आमच्या गावाला हेळवी येतात, दारोदार जाऊन घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवणारे. त्यांच्या वहीत मुलगे असतात, मुलींची नावं नसतात. माझ्याकडे 212 लेकी आहेत. लग्नपत्रिका, भांड्यांवर घातलेली नावं, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतला एखादा ‘सोबत भगिनी’ असा उल्लेख, अशा वाटांनी एकेक आणलेली. त्या 212 तिकडे जशाच्या तशा नांदत आहेत.

चौथ्या पुराव्याकडे नंतर येते. तो पुरावा म्हणजे माझाच मूर्खपणा आहे.

मे महिन्यात तक्रार केली. त्याआधी एका वकील मैत्रिणीकडे दोन संध्याकाळी बसले. तिनं जे सांगितलं ते आपल्या छंदातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तक्ते आणि संकलनंसुद्धा साहित्यकृतीत धरली आहेत. हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले, तर ती म्हणाली, थांब. 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसते कष्ट उपसले एवढ्यावर हक्क मिळत नाही, त्यात थोडी तरी स्वतःची बुद्धी दिसली पाहिजे. प्रकरण न्यायालयाच्या निकालांच्या छापील खंडांचं होतं. निकाल सगळ्यांचे, पण संपादकांनी पाडलेले परिच्छेद आणि त्यांना दिलेले क्रमांक संपादकांचे.

म्हणजे माझ्या 212 लेकी माझ्या नाहीत. कोण कुणाची मुलगी आणि कधी जन्मली ही वस्तुस्थिती. तिच्यावर कुणाची मालकी नसते, मग त्यासाठी मी उन्हात किती गावं का फिरले असेना. माझी आहे ती शेंगांची टीप. दोन कागद विसंगत निघाले तेव्हा कोणता का मानला, हे लिहिलेलं पान माझं. हे पचायला मला आठवडा लागला. कारण लोकांना दाखवताना मी नेहमी नावांचा आकडाच फुशारकीनं सांगत आले.

तक्रारीत मग नावांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. एकूण 41 टिपा आणि 6 पानांचा खुलासा, एवढ्यावरच बोट ठेवलं. मूळ पानं, तारखा, त्यांच्याकडच्या मजकुराचे स्क्रीनशॉट, समोरासमोर. भारतातल्या नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाली की मजकूर ठेवणाऱ्यानं 36 तासांत तो बंद करायचा आणि 21 दिवस बंद ठेवायचा, पुढे न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. हे संकेतस्थळ बाहेरचं, त्यांचा कायदा वेगळा, त्यामुळे वेळ लागला. पण जूनअखेर टिपा गेल्या. नावं राहिली. 1794 अर्थातच राहिलं. ती तर वस्तुस्थिती.

जुलैमध्ये आत्तीचा फोन. ‘काय गं, माझ्या नातीची जन्मतारीख कुणाला दिलीस तू?’ कुठल्याशा वधूवर केंद्रातून फोन आला होता. नाव, वय, आईचं माहेरचं आडनाव, सगळं त्यांच्याकडे तयार. आता हे माझ्याच पीडीएफमधून गेलं की दुसरीकडून, मला सिद्ध करता येत नाही. पण ती पीडीएफ 2018 च्या कुलधर्माला मी हौसेनं 60 जणांना वाटली होती आणि त्यात हयात माणसांच्या पूर्ण तारखा होत्या. बँकेचा माणूस फोनवर काय विचारतो? जन्मतारीख आणि आईचं नाव. आणि आपण ते छापून वाटतो. जुन्या छापील कुलवृत्तांतांमध्येही हीच पद्धत होती, पण ते ग्रंथ चारशे घरांत कपाटात पडून राहायचे.

आत्तीची मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘माफी नको, त्यातनं पोरीला काढ.’ तेव्हा कळलं की मी चार महिने शेंगांच्या टिपेसाठी भांडत होते आणि जे खरोखर सांभाळायला हवं होतं ते उघड्यावर होतं.

मग ऑगस्ट आणि सप्टेंबर घरदुरुस्तीत गेले. मी ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्रॅम वापरते. त्यात प्रत्येक माणसाला, घटनेला, टिपेला छोटं कुलूप लावता येतं आणि फाइल बाहेर काढताना कुलूपवाल्या नोंदी आणि हयात माणसं वगळता येतात. ही सोय मला आठ वर्षं माहीत होती आणि आठ वर्षं मी वापरली नाही. मात्र एक लक्षात ठेवा. मृत्यूची तारीख नसलेल्या माणसाला ग्रॅम्प्स अंदाजानं हयात किंवा मयत धरतं. माझ्या एका काकूंना जन्मसालच नव्हतं आणि त्या बाहेर काढलेल्या फाइलमध्ये ठणठणीत दिसत होत्या. म्हणून फाइल पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडा. जेडकॉम म्हणजे साधा मजकूर, 1984 पासून तसाच चालत आला आहे, काय आत गेलं आणि काय नाही ते डोळ्यांना दिसतं. मी उघडली तर एका टिपेत चुलतभावाच्या दत्तकविधानाची हकीकत निघाली. ती त्याच्या मुलाला अजून माहीत नाही.

कागदपत्रांचे फोटो आता लहान आकारात आणि मधोमध आडवं नाव टाकून देते. याचा फार उपयोग नाही, हे मान्य. कोपऱ्यात टाकलेलं नाव कापायला तर दहा सेकंद लागतात. त्यापेक्षा रुमाल क्रमांक (दप्तरखान्यातल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) आणि वाचन सोबत दिलं की खरा अभ्यासू माणूस आपणहून तुमचा उल्लेख करतो, हा माझा अनुभव.

शिवाय 2023 पासून, कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाल्यापासून, वंशावळ मागणारे फोन वाढले आहेत. त्यातले बरेचसे रास्त असतात, प्रतिज्ञापत्राला वंशावळ लागते. पण आडनाव एक आणि गाव भलतंच, अशा दोघांनी ‘तुमची सगळीच पाठवा, आमचं आम्ही जुळवतो’ असं सांगितलं. जुळवतो! मी आता ज्याची शाखा त्यालाच देते, तीही पुराव्याच्या प्रतींसकट.

हे मला हेळव्यानं शिकवलं. दिवाळीनंतर ते आले. पूर्वी बैलावर बसून येत, हे मोटारसायकलवर आले, वही मात्र तीच, कापडात गुंडाळलेली, कानडीत लिहिलेली. उंबऱ्यासमोर बसून त्यांनी आमची पिढी न् पिढी वाचली. मी म्हटलं, ‘काका, एका पानाचा फोटो काढू का?’

‘काढ की अक्का. मग पुढच्या साली मी कशाला येऊ?’

मग मी शेजारच्या घराण्याचं एक नाव विचारलं. आमच्या नि त्यांच्या शाखेचा एक जोड मला लागत नाहीये. त्यांनी शांतपणे वहीवर हात ठेवला. ‘ते त्यांच्या दारात.’ पायलीभर जोंधळे आणि पाचशे रुपये दिले, तरी ‘त्यांच्या दारात’. तासाभरानं ते शेजारी गेले आणि मी भिंतीपलीकडून ऐकत उभी राहिले. जोड मिळाला. त्या 23 नावांतली पाच ती.

आता चौथा पुरावा. जुने नकाशेवाले आपल्या नकाशात एखादी खोटी गल्ली घालत, नक्कल पकडायला. ते वाचून 2019 मध्ये मी पणजोबांना एक बहीण दिली. काल्पनिक. लहानपणीच वारली असंही लिहून ठेवलं, पुढे कुणाला त्रास नको म्हणून. आणि साफ विसरले. एप्रिलमध्ये बघते तर बाईसाहेब तीनही वंशावळींत हजर. एवढंच नाही, एका ठिकाणी कुणीतरी त्याच नावाची शेजारच्या तालुक्यातली बाई तिला जोडून टाकली आहे. त्यामुळे बालपणी वारलेल्या आमच्या या आत्याला आता नवरा आहे, दोन मुलगे आहेत आणि थोरल्या मुलाला नातवंडंही आहेत, खरीखुरी, बहुधा पुण्यात राहणारी. तिचं नाव इथे देत नाही. आधीच पुष्कळ पसरलं आहे.

कुणी हा उपाय सुचवला तर करू नका. खूण ठेवायचीच तर टिपेच्या शब्दांत ठेवा, माणसांत नको.

तिला काढून टाकावं म्हणून सप्टेंबरपासून पत्रव्यवहार चालू आहे. त्या संकेतस्थळावर एकच सामाईक वंशावळ असते, मयत माणसाला एकट्यानं काढता येत नाही. तिथल्या स्वयंसेवकांनी नम्रपणे कळवलं की ही व्यक्ती अस्तित्वात नव्हती याचा पुरावा जोडावा. मी 2019 च्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, माझ्या हातचा, ‘आज एक खोटी आत्या घातली’ असं लिहिलेला. उत्तर आलं: हे आपलं वैयक्तिक टिपण आहे, समकालीन मूळ साधन नव्हे.

चूक नाही त्यांची. मीही हेच उत्तर दिलं असतं.

पुढच्या आठवड्यात गावचं जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर बघायला तहसील कचेरीत जाते आहे. पणजोबांच्या सगळ्या भावंडांच्या नोंदींची प्रमाणित नक्कल काढीन. त्यात ती नसेल, एवढं तरी त्यांना जोडून पाठवता येईल.