बेंच व्हाइसचा जबडा

जुलैत आमची निदेशक मंडळी निम्मा वेळ कारकून असतात. आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या, कागदपत्रं तपासणं, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवत बसणं. मी वेल्डर ट्रेडचा निदेशक. पालक रांगेत उभे राहतात ते इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटरसाठी. वेल्डर म्हणजे त्यांच्या लेखी सगळं संपल्यावर उरलेलं. आमच्यातलेच एक सहकारी मुलांना सांगतात, "काहीच नाही मिळालं तर वेल्डर आहेच की." हे ते माझ्यासमोर सांगतात.

त्या दिवशी गर्दी नव्हती. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं होतं, पश्चिमेकडच्या गावांतली पोरं आलीच नाहीत. अकराच्या सुमारास एक बाई छत्री मिटत आत आल्या, मागं भाऊ. एकवीस वर्षांचा, उंच, मान खाली.

"सर, मीच घेऊन आलो ह्याला. काहीतरी दिशा दाखवा." आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात.

फाईल उघडली. नववी पास, दहावीत दोनदा गणितात गेलेला. जातीचा दाखला होता, रेशनकार्ड होतं, फोटो चार वर्षांपूर्वीचा. अशा मुलांना आम्ही काय सांगतो ते ठरलेलं आहे. पुरवणी परीक्षा आहे, मुक्त विद्यालयाची दहावी आहे, आठवी पासवर वेल्डर आणि वायरमन आहे, वयाला वरची मर्यादा नाही. मध्यंतरी आम्हाला एक रंगीत तक्ताही मिळाला होता, 'आवड ओळखा, करिअर निवडा' असला काहीतरी. तो मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, चहाचे डाग पडू नयेत म्हणून.

"काय करतोस सध्या?"

"फौंड्रीत हाय."

"कुठल्या कामाला?"

"फेटलिंग."

फेटलिंग म्हणजे भट्टीतून ओतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव नगाचे, रनर-रायझर (ओतताना चिकटून राहिलेले जादा दांडे) तोडायचे, कडा ग्राइंडरनं घासायच्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जा, हे काम कंत्राटदाराची पोरं करतात. दिवसभर धूळ आणि ठिणग्या. सही करताना त्याची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर बारीक गोल डाग दिसले. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कातडी खरबरीत होते, पण असे गोल खड्डे पडत नाहीत. हे स्पॅटर होतं. वेल्डिंगचा वितळलेला थेंब बाहीत शिरला की असा डाग राहतो. माझ्याही हातावर आहेत.

"वेल्डिंग करतोस?"

त्यानं बहिणीकडं बघितलं. "न्हाई... रात्रपाळीला, थोडं."

गर्दी असती तर मी पुढं विचारलं नसतं. त्याला वर्कशॉपमध्ये नेलं. कोपऱ्यात एक बेंच व्हाइस, काम घट्ट धरायचा शिकंजा, दोन वर्षं पडून होता. पोरांनी हँडलला पाइप घालून आवळला, वर हातोडीही मारली, सरकत्या जबड्याला तडा गेला. भंगारात काढायला सतरा सह्या लागतात म्हणून तो तिथंच. मी म्हटलं, "हा जोडशील?"

मला वाटलं होतं, रॉड लावेल आणि ओढेल. आमची पास झालेली पोरंही तेच करतात. त्यानं आधी जबड्याची कड ग्राइंडरला टेकवली. ठिणगी आखूड, लालसर, लगेच विझणारी. "सीआय हाय न्हवं सर?" सीआय म्हणजे कास्ट आयर्न, बीड. बीड आहे, लोखंडी पट्टी नव्हे, हे त्याला ठिणगीवरून कळलं. मग म्हणाला, "तेल प्यायलंय हे. आधी जाळाय पायजे."

कास्ट आयर्नचं दुखणं बाहेरच्याला कळत नाही. त्यात कार्बन तीन-चार टक्के. वेल्डिंगची उष्णता लागून पटकन थंड झालं की जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो. ड्रिल मारायला गेलं तर ड्रिलच मोडतं, आणि आक्रसताना टण्ण आवाज होऊन शेजारीच दुसरा तडा जातो. साधा रॉड वापरला तर हमखास. निकेलचा रॉड लागतो आणि तो महाग. माझ्याकडं चार रॉड कपाटात कुलपात होते, कुणासाठी ठेवले होते मलाच ठाऊक नाही.

त्यानं तड्याचं टोक शोधून तिथं छोटं भोक पाडलं, तडा पुढं धावू नये म्हणून. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो आणि दरवर्षी एकालाही आठवत नाही. मग तड्यावर व्ही आकाराची खाच घासली. गॅसनं जबडा शेकला, नुसतं तेल आणि ओलावा जाईल इतपत. मशीन एकशेवीस अँपिअरवर होतं, ते त्यानं न विचारता नव्वदच्या आसपास आणलं. एक इंच वेल्ड, थांबायचं, गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीनं हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग दुसऱ्या टोकाला पुढचा इंच. सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात तो एकदाही घाईला आला नाही. शेवटी म्हणाला, "कोरडी वाळू हाय का?" वाळूत जबडा पुरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं उकरून काढला. जोडावर कानस चालवली. कानस घसरली नाही, लागली. दुसरा तडाही कुठं नव्हता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला विद्यार्थ्याकडून असं काम मिळालेलं नाही, आणि हा तर अजून विद्यार्थीही नव्हता.

आदल्या दिवशी वाळूशेजारी उभं राहून मी विचारलं होतं, "कुठं शिकलास?"

त्यानं सांगितलं ते असं. ओतकामात वायू अडकला की कास्टिंगला ब्लो होल पडतं. गिऱ्हाईक असा माल परत पाठवतं, आणि वेल्डिंग करून भरलेला तर त्याला चालतच नाही, ऑर्डरवर तसं लिहिलेलं असतं. म्हणून हे काम रात्री. एक म्हातारा वेल्डर होता, त्याच्या हाताखाली हा शिकला. छिद्र भरायचं, घासून सपाट करायचं, मग मिठाच्या पाण्याचं फडकं फिरवायचं म्हणजे सकाळपर्यंत सगळ्या कास्टिंगसारखाच गंज चढतो. म्हातारा गावी गेल्यापासून हाच भरतो.

"कसला माल असतोय?"

"ब्रॅकेट, हौसिंग..." थोडा थांबला. "कधी ब्रेकचं बी असतंय."

मी पुढं विचारलं नाही. का नाही विचारलं, हे अजून मला नीट सांगता येत नाही. बहीण दारात उभी होती, हे एक कारण. त्याच्या हातावर मी खूश होतो, हे दुसरं.

कामाचा दाखला आण, पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, आरपीएल म्हणतात, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही आहे, असं मी सांगून बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा माझं मला कळलं. जे काम कंपनीच्या हिशेबात होतच नाही, त्याचा दाखला कोण देणार? त्याचं नाव कंत्राटदाराच्या रजिस्टरात हेल्पर म्हणून. तरी मी एका केंद्राला फोन लावला. "बॅच भरली की कळवतो," म्हणाले. अजून भरलेली नसावी.

राहिला प्रवेश. वेल्डर एक वर्षाचा. त्याला महिन्याला बारा-साडेबारा हजार पडत होते, घरी आई आजारी, बहिणीचं स्वतःचं घर. शिकाऊ उमेदवारीतून गेला असता तर २०१९ च्या नियमांत नववीपर्यंत शिकलेल्याला किमान विद्यावेतन होतं ५,००० रुपये. बहीण म्हणाली, "मी बघतो काय ते. एक वर्षाचा तर प्रश्न हाय." त्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, "दिवसा वर्ग कर, रात्रपाळी चालू ठेव."

तो पहिल्यांदा थोडं हसला. "रात्री त्येच काम असतंय सर."

मी फॉर्मवर सही केली. ट्रेड, वेल्डर.

आता तो माझ्या वर्गात आहे. सकाळी डोळे लाल असतात. रात्रपाळी की डोळ्यांना वेल्डिंगचा आर्क, म्हणजे झगझगाट, लागलाय, मी विचारत नाही. थिअरीत कच्चा आहे. अँपिअरचं गणित फळ्यावर मांडलं की चुकतो आणि मशीनवर बरोबर लावतो. त्याला पहिल्या बाकावर घ्यावं असं मला वाटतं, तो खिडकीजवळ बसतो. जबडा परत व्हाइसवर चढवलाय, पोरं त्यावर काम करतात. ज्या सहकाऱ्यांचा मघाशी उल्लेख केला, त्यांनी विचारलं, नवीन मागवला का? मी म्हटलं, हो.

आमच्याकडं प्रत्येक जॉबवर, म्हणजे केलेल्या नगावर, रोल नंबर पंचनं ठोकून उमटवावा लागतो, नाहीतर मार्क देता येत नाहीत. ऑगस्टमध्ये पहिला फिलेट जोड, दोन प्लेटींचा काटकोनातला, झाला, सगळे पंच आणि हातोडी घेऊन ओळीनं बसले. हा पंच हातात धरून तसाच बसलेला.

"काय झालं?"

"नंबर टाकायचाच का सर?"

"टाकायचाच."

त्यानं प्लेट उलटी केली आणि मागच्या बाजूला टाकला.