आमची वाटचाल : डाव्या पायाची खूण

"ताई, बाजारात पिल्लू पंधरा रुपयाला मिळतंय, तुमचं पस्तीसला कसं?" आमची हॅचरी आहे, म्हणजे अंडी उबवून कोंबडीची पिल्लं विकायचा धंदा. आठवड्यातून चार वेळा तरी हा फोन येतो. मी एवढंच सांगते, की नेलेलं पिल्लू हातात घ्या आणि डाव्या पायाच्या बोटांमधलं कातडं उजेडाकडे धरून बघा. तिथं बारीक गोल भोक असेल तर ते आमचं. ते भोक पाडायची वेळ आमच्यावर का आली, ते सगळं फोनवर सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी विट्याजवळच्या या गावात आले ती 1997 साली. मामंजी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात बाहेरच्या प्रांतात होते. तब्येत ढासळली म्हणून सगळं आवरून गावी परतले. जमीन चार एकर, तीही पावसावरची. घरात चाळीस-पन्नास गावठी कोंबड्या होत्या आणि आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, रवणाला (कोंबडीखाली अंडी बसवायला) हात चांगला. खुडूक कोंबडी कुठली खरी बसेल आणि कुठली चार दिवसांत उठेल, हे त्या तिच्या पोटाखाली हात घालून सांगायच्या. पण एका कोंबडीखाली मावून मावून अंडी मावणार दहा-बारा, आणि पिल्लं मागायला मात्र आख्खी वाडी दारात.

1999 साली यांनी गावातल्या वायरिंगच्या मिस्त्रींना गाठलं. मोटारी भरणं, पंखे दुरुस्त करणं हे मिस्त्रींचं काम. उबवणीचं मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पुण्याहून आणलेली पितळी कॅप्सूल, एक मायक्रोस्विच, चार बल्ब, टेबलफॅनची मोटर आणि प्लायवूड, एवढ्यावर त्यांनी तीनशे अंड्यांची पेटी उभी केली. ती कॅप्सूल म्हणजे रुपयापेक्षा थोडी मोठी चकती. आत ईथर भरलेलं. ऊब वाढली की ती फुगते, स्विच दाबते, बल्ब विझतात. निवली की बसते, बल्ब पुन्हा लागतात. रात्री सगळं घर निजलं की तिची टिक-टिक माजघरापर्यंत यायची. आज आमच्याकडे आकडे दाखवणारा कंट्रोलर आहे, पण ती कॅप्सूल मी डबीत जपून ठेवली आहे.

पहिल्या तीनशे अंड्यांतून पिल्लं निघाली एकसष्ट. उरलेली अंडी फोडून पाहिली तर बऱ्याचशा अंड्यांत पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच टेकवलेलं, आणि आतला पापुद्रा वाळून अंगाला चिकटलेला. मिस्त्री पायरीवर बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत मी रवणातल्या अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवते, तुमच्या पेटीला पाणी कोण दाखवतंय?" दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खाली पत्र्याचा ट्रे बसवला आणि थर्मामीटरच्या जोडीला ओल्या फडक्याचा दुसरा थर्मामीटर लावला. कोरडा साडेनव्व्याण्णव फॅरनहाइटला आणि ओला पंच्याऐंशीला राहिला की अठरा दिवस निर्धास्त. मग हॅचरमध्ये, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांच्या पेटीत, ओल आणखी वाढवायची. पुढच्या खेपेला एकशे नव्वद निघाली. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती पिल्लांत, आणि आजही मशीनचा पंखा जरा वेगळा वाजला तर आम्ही त्यांनाच हाक मारतो. वय सत्तरीच्या पुढं गेलंय, तरी मोटारीवर हात ठेवून बेअरिंग सांगतात.

भारनियमनाच्या काळाबद्दल लोक विचारतात. 2006-07 ला आमच्याकडे बारा-बारा तास वीज नसायची. सेटरमधली, म्हणजे पहिल्या अठरा दिवसांच्या पेटीतली, अंडी थोडा वेळ निभावतात, घाई करायची ती हॅचरकडे. पिल्लं फुटायला लागलेली असताना पंखा थांबला की थंडीनं मरण्याआधी ती गुदमरून मरतात, कारण त्यांचीच ऊब आणि त्यांचाच श्वास आत कोंडतो. त्यामुळे वीज गेली की आधी दार उघडायचं, मग जनरेटरकडे धावायचं. एका रात्री जनरेटर लागलाच नाही. मी आणि आत्याबाईंनी दोन सुपं घेऊन पहाटेपर्यंत वारा घातला. सातशेतली सहाशेवर जगली. 2006 च्याच फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता आणि इकडे सांगली जिल्ह्यातही कोंबडीला कोणी हात लावेना. तेही सोसलं.

पुढची दहा वर्षं धंदा नीट चालला. मशीन दहा हजार अंड्यांचं झालं, मुलांची शिक्षणं झाली.

आता पिल्लं भरून द्यायच्या पेट्यांचं सांगते. पिल्लांची पेटी पुठ्ठ्याची, आत चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस. शंभराला दोन पिल्लं वर द्यायची, हा धंद्याचा रिवाज. आमच्या पेटीवर आमचं नाव आणि फोन नंबर छापलेला. 2017 ला एक व्यापारी आठवड्याला हजार पिल्लं न्यायला लागला. बोलायला गोड, पैसे रोख. काही महिन्यांनी पिल्लं चारशेवर आली, पण रिकाम्या पेट्या मात्र तो जास्त मागायला लागला. म्हणाला, "वहिनी, जुन्या फाटल्यात, दहा-वीस द्या." मी दिल्या. पेटीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

पाच महिन्यांनी भर उन्हात आटपाडी तालुक्यातल्या मावशी डालगं घेऊन दारात उभ्या राहिल्या. या मावशी आमच्या 2003 पासूनच्या. वर्षातून दोनदा शंभर पिल्लं न्यायच्या, एसटीनं, मांडीवर पेटी ठेवून. डालग्यातून त्यांनी एक पांढराफेक कोंबडा काढला, उंच, काटकुळा, लालभडक तुरा एका बाजूला पडलेला. "ह्ये तुजं पिल्लू न्हवं," त्या म्हणाल्या. "माज्या जावंनं बाजारातनं तुज्या पेटीतनं घेतलं. पन्नास घेतली, पन्नासच्या पन्नास कोंबडं. एक तलंग न्हाई त्यात."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अंड्यांच्या जातीत नर पिल्लू कुणालाच नको असतं. ते ना अंडी देतं, ना ब्रॉयलरसारखं अंग धरतं. मोठ्या हॅचऱ्यांतून ती नर पिल्लं चार-दोन रुपयांना निघतात. हा माणूस ती आणून आमच्या पेट्यांत भरत होता आणि बाजारात गिरिराज या सुधारित जातीची म्हणून विकत होता. काही पिल्लं तर गुलाबी-हिरवी रंगवलेली. बायका पाच-पाच महिने दाणा घालत बसल्या अंड्यांच्या आशेवर, आणि शिव्या आम्हाला.

मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "पेटीवर नाव तुमचं आहे, पिल्लावर कुठाय?" हे वाक्य मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही. तक्रार द्यायला गेलो तर पावती मागितली. बाजारात पिल्लाची पावती कोण देतं? त्या वर्षी आमची विक्री निम्म्यावर आली. आमची पेटी घेऊन जी बाई दारात आली, तिला आम्ही तेवढी पिल्लं बदलून दिली, आमची नव्हती हे माहीत असून. हे म्हणायचे, "का भरून द्यायची दुसऱ्याची पापं?" पण नाव आमचं होतं. तो माणूस पुढं दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तिथं म्हणे त्याचं बरं चाललंय.

"पिल्लावर कुठाय?" याचं उत्तर मिस्त्रींनी शोधलं. टो पंच नावाचं एक चिमट्याएवढं हत्यार मिळतं. पिल्लाच्या दोन बोटांमधल्या पातळ कातड्याला त्यानं भोक पाडायचं. मधली चकती पूर्ण तुटून पडली पाहिजे, लोंबती राहिली तर भोक भरून येतं. पिल्लू एकदा चिवकतं आणि लगेच पळायला लागतं. आम्ही डाव्या पायाची बाहेरची बाजू धरली. तेव्हापासून आमच्याकडून निघणारं प्रत्येक पिल्लू माझ्या किंवा सुनेच्या हातातून जातं. मानेवर मॅरेक्सची (कोंबड्यांच्या लकव्याची) लस आणि पायाला खूण, एकाच वेळी. रिकामी पेटी आता कुणालाच देत नाही, फाडून चुलीत घालते.

पिल्लं कुणाकडूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण घेताना उताणं करून बेंबी बघा. बेंबी बंद आणि कोरडी हवी. काळा ठिपका किंवा दोरा लोंबत असेल तर ते पिल्लू आठवडा काढणार नाही. पायाची कातडी तकतकीत हवी, डोळा उघडा हवा. प्रवासाची काळजी करू नका, पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात काढतं. घरी गेल्यावर आधी गुळाचं पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा. ब्रूडरला, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या जागेला, पहिला आठवडा पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच-पाचने कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कडेला पळून चोची उघडून बसली तर उकाडा, आणि सगळीकडे पसरून खेळत असली तर तुम्ही झोपायला मोकळे. तुसावर गुळगुळीत कागद दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका, पाय फाकतात. आणि सातव्या दिवसाच्या आत लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब डोळ्यात. मानमोडी आली की मग डॉक्टर, देव, कुणीच काही करू शकत नाही.

2020 चं लिहायला हात जड होतो. फेब्रुवारीत फोनवर चित्रं फिरायला लागली, की कोंबडी खाल्ली की कोरोना होतो. मंत्री सांगत होते, डॉक्टर सांगत होते, कुणी ऐकेना. धंद्यातल्या माणसाला मी समजावून सांगायला नको, मशीनमधलं अंडं बाजार बघून थांबत नाही. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. आम्ही दर गुरुवारी तीन हजार अंडी भरायचो. 27 फेब्रुवारी, 5 मार्च आणि 12 मार्च अशा तीन बॅचा आत होत्या. अंड्याचे बारा रुपयांप्रमाणे पैसे अंडी पुरवणाऱ्या ब्रीडर फार्मवाल्याला देऊन झालेले. 19 मार्चला पहिली बॅच निघाली, चोवीसशे पिल्लं. घ्यायला आली दोन माणसं, तीनशे नेली.

त्या रात्री तिसऱ्या बॅचचा निर्णय घ्यायचा होता. अंडी आठव्या दिवसात. मी कॅंडलिंगचा डबा काढला. तो अजूनही आत्याबाईंचा डालड्याचाच डबा आहे, बुडाला रुपयाएवढं भोक पाडलेला, आत साठचा बल्ब. अंडं भोकावर धरलं. आत कोळ्यासारखं लाल जाळं पसरलेलं आणि मधोमध काळा डोळा, हलणारा. दुसरं धरलं, तसंच. मी पाच अंडी पाहिली आणि डबा विझवला. फळ न धरलेली असती तर बरं, असं आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या दिवशी यांनी आणि मुलानं बांधावरच्या बाभळीखाली खड्डा काढला. तीन हजार अंडी, वर चुना, वर माती. आत्याबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना आम्ही सांगितलं नाही, पण मशीनचा आवाज कमी झालेला त्यांना कळला. "किती काढली?" एवढंच विचारलं त्यांनी.

22 ला जनता कर्फ्यू, 25 पासून सगळं बंद. 26 ला दुसरी बॅच निघाली. शेडमध्ये साडेचार हजार पिल्लं, खाद्य चार दिवसांचं, आणि बँकेत नऊ हजार रुपये. हे म्हणाले, वाटून टाकू फुकट. दोन दिवस वाटलीसुद्धा, वस्ती-वस्तीवर सायकलीनं. तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. दुधाचे टेम्पो चालू होते. मावशींनी त्यांच्या गावच्या टेम्पोवाल्याला गाठलं आणि त्याच्याबरोबर स्टीलचा डबा पाठवला. डब्यात फडक्यात गुंडाळलेले वीस हजार रुपये, त्यांच्या बचत गटातल्या बायकांचे. मी फोनवर म्हटलं, मावशी, पैसे राहू द्यात, पिल्लं तशीच न्या. त्या चिडल्या. "फुकटचं पिल्लू कुणी राखत न्हाई. बायकांनी पैसं दिलं तर रात्री उठून बल्ब बघतील."

टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मधल्या जागेत दहा पेट्या बसल्या. पुढच्या तीन फेऱ्यांत आणखी तीस. त्या पैशांतून खाद्य आणलं आणि उरलेली पिल्लं जगवली. जूनमध्ये, मोठ्या हॅचऱ्यांनी अंडी भरायचं थांबवल्यामुळे, बाजारात पिल्लूच मिळेना, तेव्हा तीच पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होऊन चांगल्या दरानं गेली. कर्ज न काढता आम्ही ऑगस्टात पुन्हा सेटर भरला. 2021 च्या जानेवारीत परभणीकडे बर्ड फ्लू निघाला तेव्हा मी आधीपासून निम्मीच अंडी भरली होती, म्हणून त्यातून सुटलो.

मावशींना आता गुडघ्यांमुळे एसटी चढवत नाही. गेल्या महिन्यात त्यांची नात आली, कॉलेजात शिकणारी. तिनं फोनमधला फोटो मोठा करून दाखवला, एका तांबड्या कोंबडीचा पाय, बोटांमधलं भोक पायाबरोबर वाढून मसुराच्या डाळीएवढं झालेलं. "आजी म्हणाली ह्याच खुणेची आण." ही कोंबडी टेम्पोतून गेलेल्या पिल्लांमधली, तिनं सांगितलं, आणि अजून अधूनमधून अंडं देते. तिच्या नावावर पन्नास लिहिली आहेत. बॅच येत्या गुरुवारी निघेल.