अकरा मिनिटं

फोटोंवरच्या वेळा मी नंतर मागवून घेतल्या. पहिला ११.४२ चा, शेवटचा ११.५३ चा. म्हणजे अकरा मिनिटं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे 'दोन-तीन' म्हणालो असतो.

मी पाणथळीत लोकांना पक्षी दाखवायला नेतो. दिवसात तीन छोट्या फेऱ्या, प्रत्येक जेमतेम किलोमीटरभर. बाहेरच्यांना हे चालण्याचं काम वाटतं. खरं तर लोकांना उभं करून ठेवण्याचं काम आहे. ऊन पाठीशी घ्यायचं, भडक टोपीवाल्याला मागे सरकवायचं, आणि "एक दगड मारा ना, थवा उडेल" म्हणणाऱ्याशी हसून बोलायचं. असा एक जण प्रत्येक गटात असतोच. दुसरा हमखास प्रश्न, "पण पाणी कुठंय?" पाणथळी जपण्यासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत पाणी कायमचं असो की तात्पुरतं, दोन्ही पाणथळच. मार्च संपत आला की पाणी हटतं, चिखल उघडा पडतो आणि सगळी मेजवानी तिथेच असते.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीत मी टिलव्यांच्या मागे लागलो होतो. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा, दोघेही मूठभर. पुस्तक सांगतं पाय बघा: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर. पुस्तक लिहिणाऱ्याने चिखल बघितलेला दिसत नाही. चिखलात सगळ्यांचेच पाय काळे! मग पाठ बघायची. छोट्याची खवलेदार, टेमिंकची मळकट तपकिरी, एकरंगी. उडालाच तर टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकतात. उन्हं चढल्यावर हवा थरथरते, तेव्हा स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण, साठपटीवर नेऊन उपयोग नसतो. पंचवीसवरच चांगलं दिसतं. हे सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. गट आठ जणांचा असावा, हे आयोजकांना दर वर्षी सांगतो. त्या दिवशी चौदा होते. एका स्कोपमागे चौदा म्हणजे रेशनची रांग. ती पसरावी म्हणून मी स्कोप उचलून बांधाखालच्या वाळलेल्या, खडीच्या पट्ट्यावर मांडला.

तेवढ्यात समोर एक कंठेरी चिखल्या फरफटत चालायला लागला. पंख एका बाजूला लोंबलेला, शेपटी पसरलेली. "अहो, जखमी आहे तो!" एका काकांनी जर्किन काढलं, पकडायला. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, नाटक आहे. जवळ गेलात तर आणखी थोडा सरकेल, मग टुणकन उडून जाईल. इथवर ठीक होतं. पण पक्षी पंधरा फुटांवर होता, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, कॅमेरे कडकडत होते आणि मी फॉर्मात होतो. कुत्र्या-मुंगसाला चकवून घरट्यापासून लांब न्यायला पक्षी असं करतात, वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, वगैरे वगैरे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

गटात एक आठेक वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, "मग अंडी कुठेत?"

मी खाली बघितलं. ट्रायपॉडच्या पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी, टोकं आत केलेली, खडीच्याच रंगाची. वर सावली नाही. भर बाराचं ऊन.

मी काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की एकेकाला आल्या पावली मागे नेलं, कारण दुसरं घरटं कुठे असेल याचा भरवसा नव्हता. बांधावर लांब जाऊन स्कोप लावला. पक्षी लगेच अंड्यांवर आला नाही. आधी पाण्याकडे पळाला, पोट बुडवलं, पिसं ओली करून आला आणि मग बसला. अंडी गार करायची त्यांची ही रीत मी कितीदा शिकवली आहे. त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही.

मुलीने नंतर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना ते नाटक आहे?" मी "हो" म्हणालो. तिने पुढे काही विचारलं नाही.

नंतर दहा दिवस रोज बांधावरून बघत राहिलो. जवळ जाणं धोक्याचं, माणसाच्या मागावर कुत्री येतात. नऊ दिवस पक्षी बसलेला दिसला, दहाव्या दिवशी नाही. यांची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच घरटं सोडून पळतात, त्यामुळे रिकाम्या घरट्यावरून काहीच कळत नाही. पिल्लं निघाली असतील तर तळाशी कवचाचे बारीक कण राहतात. ते शोधायला अखेर खाली उतरलो.

मधल्या काळात आयोजकांचा मेसेज आला होता: "तो पंख मोडल्याचा शो सगळ्यांना फार आवडला. पुढच्या रविवारी वीस जण आहेत, जमेल ना?"

खळग्यात म्हशीच्या खुराचा ठसा होता. तो पिल्लं निघण्याआधीचा की नंतरचा, गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघितलं तरी सांगता येईना.