जपाचं पान आणि झटक्याचं पान

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. मी ईईजी तंत्रज्ञ आहे, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेते. पेठांमधले बहुतेक रस्ते बंद, त्यामुळे त्या दिवशीच्या यादीतल्या सात पेशंटपैकी दोघंच पोचले. त्यातल्या एक काकू, वय ५८, पेठेतूनच चालत आलेल्या. बरोबर मुलगा आणि सून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं : 'वर्षभरापासून महिन्यातून तीन-चार वेळा सुगंध, आनंद, मग हरवल्यासारखं. उजवा टेम्पोरल? झोपेसह व्हिडिओ ईईजी.' टेम्पोरल म्हणजे कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग.

काकूंचं म्हणणं एकच, विठ्ठल येऊन जातो. आधी बुक्क्याचा वास येतो, मग छातीत गार, हलकं वाटतं आणि 'सगळ्याचा अर्थ लागतो'. पुढचं आठवत नाही. सुनेनं वेगळं सांगितलं. गेल्या महिन्यात हे गॅससमोर झालं, हातात तापलेला तवा होता, आणि काकू हसत उभ्या होत्या. बोटांवरचे डाग अजून दिसत होते.

ईईजीला येताना केस शाम्पूनं धुवायचे, तेल लावायचं नाही, रात्री दोननंतर झोपायचं नाही आणि उपाशी यायचं नाही, एवढं आम्ही फोनवर सांगतो. उपाशी माणसाची साखर उतरली की दीर्घ श्वासाच्या चाचणीत मंद लाटा उगाच वाढतात. काकूंनी पोहे खाल्ले होते. जागरण भजनात आपोआप झालं होतं. तेल मात्र भरपूर होतं. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडचा अडथळा ३०-४० किलोओहमपर्यंत जातो, आम्हाला तो पाचच्या खाली हवा असतो. मग एकेका जागी केस बाजूला करायचे, स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, खरखरीत जेल कानकाडीनं हलकं घासायचं, आणि पेस्ट भरलेली वाटी दाबून वर गॉझ लावायचा. २१ जागा, पाऊण तास गेला.

या जागा अंदाजानं ठरत नाहीत. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली १०-२० पद्धत आजही तशीच वापरतो. नाकाच्या मुळाचा खळगा ते डोक्यामागचा हाडाचा उंचवटा, काकूंचं अंतर ३५ सेंटिमीटर. त्याचे दहा टक्के म्हणजे साडेतीन, वीस टक्के म्हणजे सात. कपाळाच्या मध्यावर, खळग्यापासून साडेतीन सेंटिमीटर वर, आम्ही ग्राउंडची तार लावतो. नेमकं तिथूनच काकूंचं गोपीचंदनाचं उभं गंध गेलेलं.

"हे पुसायचं का गं?" त्यांनी विचारलं.

ग्राउंड थोडा बाजूला सरकवला तरी नोंदीत फरक पडत नाही. मी तो गंधाच्या कडेला लावला. दोन्ही भुवयांवरचे इलेक्ट्रोड तर मुळातच बाजूला असतात.

नोंद सुरू केली. डोळे मिटल्यावर मागच्या भागात साडेनऊ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साडेनऊ लाटांचा, सुरेख अल्फा, शांत जागेपणाची लय. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाचा पहिला ईईजी प्रसिद्ध केला तेव्हा हीच लय त्यांना दिसली होती. मग दोनदा एफ-८ वर, म्हणजे उजव्या कपाळाच्या कडेला, टोकदार उसळी आली. मुलगा खुर्चीतून उठला. पण ती त्या एकाच तारेवर होती. खरा स्पाइक, म्हणजे झटक्याच्या आजारातली टोकदार लाट, शेजाऱ्यांनाही दिसतो, कमी-जास्त का होईना पण आजूबाजूच्या इलेक्ट्रोडवर पसरतो. एकट्यानंच उडी मारणारा इलेक्ट्रोड सैल असतो. तपासला तर अडथळा २२. पुन्हा साफ केला, उसळी गेली. हे न पाहता पुढं गेलं की नसलेला आजार कागदावर येतो.

मग काकूंनीच विचारलं, "मी माझा जप करू का? नाहीतर हा वेळ वाया जातोय."

मी होकार दिला, पण ओठ न हलवता करा म्हटलं. कारण साधं आहे. जिभेच्या टोकावर आणि मुळाशी वेगळा विद्युतभार असतो. जीभ हलली की कपाळाच्या बाजूला मोठ्या, मंद लाटा येतात आणि नवशिक्याला त्या मेंदूच्या वाटतात. जबडा हलला तर दोन्ही कानशिलांवर स्नायूंची जाड काळी पट्टी येते. ओठ मिटून, मनातल्या मनात 'रामकृष्णहरी' त्यांनी सहा मिनिटं केलं. अल्फा शांत, सलग, शेवटी थोडा पुढंही पसरलेला. एकही स्पाइक नाही. मी वेळ नोंदवून त्या पानाला खूण केली.

तीन मिनिटांच्या दीर्घ श्वासांत विशेष काही दिसलं नाही. लखलखत्या दिव्याच्या चाचणीतही नाही. डुलकी लागली तेव्हा मात्र उजव्या बाजूला खरं दिसायला लागलं. एफ-८ आणि उजव्या कानशिलावरच्या टी-४ वर तीक्ष्ण लाटा, शेजारी पसरणाऱ्या, फेज रिव्हर्सलसह, म्हणजे शेजारच्या दोन रेघांत एकमेकींकडे तोंड करून. टेम्पोरल भागातल्या या विजेच्या उसळ्या झोपेत जास्त उघड्या पडतात, म्हणूनच तर जागरण करून बोलावतो.

बेचाळिसाव्या मिनिटाला काकूंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असं हसू की सून दाराशीच थांबली. "आले... आले," त्या म्हणाल्या. मी बटण दाबलं, वेळ मोठ्यानं सांगितली आणि भान किती आहे ते पाहायला दोन शब्द लक्षात ठेवायला दिले, "काकू, लक्षात ठेवा, पिवळी छत्री." पडद्यावर एफ-८, टी-४ वर सहा हर्ट्झची एकसारखी लय सुरू झालेली. हृदयाचे ठोके ७६ वरून १२४. उजवा हात चादर चाचपडत होता, डावा मनगटाशी ताठ, वाकडा. ओठ चघळल्यासारखे. मुलानं चप्पल काढायला हात खाली नेला, मी थांबवलं. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काहीही नको. हात धरून दाबायचंही नाही. कुशीवर वळवायचं, चष्मा काढायचा, घड्याळ बघायचं. ७४ सेकंदांत लय थांबली, उजवीकडे मंद लाटा उरल्या, आणि काकूंनी उजव्या हातानं नाक पुसलं.

झटक्यानंतर, म्हणजे आकडी येऊन गेल्यावर, नाक पुसणारा हात बहुधा ज्या बाजूनं झटका सुरू झाला त्याच बाजूचा असतो. डाव्या हाताचा ताठरपणा उलट बाजूकडे, म्हणजे पुन्हा उजव्या मेंदूकडेच बोट दाखवतो. झटक्यात स्पष्ट शब्द फुटणं हेही भाषेचा अर्धगोल झटक्यातून सुटल्याची खूण, आणि बहुतेकांची भाषा डावीकडे असते. तीन खुणा, तिन्ही एकाच दिशेला. पिवळी छत्री मात्र त्यांना आठवली नाही.

रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही. डॉक्टर येऊन पडद्यासमोर बसले, तेव्हा मुलानं फोन पुढं केला. त्यात कुठला तरी व्हिडिओ होता, मेंदूत 'देवाची जागा' सापडल्याचा. "म्हणजे देव म्हणजे मेंदूतलं शॉर्टसर्किटच ना?" त्यानं विचारलं. आईसमोर.

डॉक्टरांनी त्याला नीट उत्तर दिलं, आणि ते इथं सविस्तर लिहायला हवं, कारण हा प्रश्न आमच्याकडे फार वेळा येतो. कॅनडात मायकेल पर्सिंगर हे संशोधक लोकांच्या डोक्यावर हेल्मेट घालून क्षीण चुंबकीय क्षेत्र देत, आणि त्यांना कुणीतरी जवळ असल्याचं जाणवतं असं सांगत. स्वीडनमधल्या उप्साला इथं २००५ मध्ये ८९ जणांवर तो प्रयोग पुन्हा झाला, पण या वेळी क्षेत्र चालू आहे की बंद हे ना त्यांना माहीत होतं ना प्रयोग करणाऱ्यांना. क्षेत्राचा परिणाम दिसला नाही. सूचना पटकन मनावर घेणाऱ्यांनाच अनुभव जास्त आले. २००६ मध्ये माँट्रियलमध्ये कार्मेलाइट पंथाच्या पंधरा ख्रिस्ती जोगिणींचे एमआरआय काढले, सर्वांत उत्कट अनुभव आठवायला सांगून. एक जागा उजळली नाही, बऱ्याच उजळल्या. एकच बटण असतं तर तसं दिसलं नसतं.

पण काकूंना जे झालं ते खरंच एका जागेशी जोडता येतं. वास आणि ओळखीची भावना टेम्पोरलच्या आतल्या भागातून येते. तो आनंद, ती 'सगळं पटलं' अशी खात्री, याचा संबंध इन्सुलाच्या पुढच्या भागाशी असावा असं जिनेव्हाच्या फाबिएन पिकार यांनी अशा पेशंटांच्या अभ्यासातून मांडलं. २०१३ मध्ये एका पेशंटच्या इन्सुलात खोल इलेक्ट्रोडनं सूक्ष्म विद्युतप्रवाह दिल्यावर तोच आनंद जागाही करता आला. इन्सुला शरीराच्या आतल्या खबरा गोळा करतो, छाती, पोट, श्वास, ठोके. तिथली शंका काही क्षण मिटली की जग एकदम स्वच्छ वाटत असावं, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पनाच, अजून पक्की नाही. आणि आमच्या कवटीवरच्या तारांना इन्सुला थेट दिसतही नाही, फार खोल आहे तो. आम्हाला दिसतो तो कानशिलापर्यंत आलेला पसारा.

नवरात्रात 'अंगात येतं' म्हणून पाठवलेल्यांची नोंद याहून निराळी. घुमताना कानशिलं-मानेच्या स्नायूंनी पडदा काळा होतो, पण मधल्या फटींत अल्फा टिकलेला असतो, आणि थांबल्यावर मंद लाटा उरत नाहीत. डोळे बहुधा मिटलेले, वेळ पाच-दहा मिनिटं, दर वेळी रूप वेगळं. झटका मात्र छापल्यासारखा तोच, तेवढाच. अंगात येणाऱ्या बाईला ढोंगी म्हणणं मला साफ अमान्य आहे. ढोलाचा ठेका, जलद श्वास, लहानपणापासून पाहिलेलं आणि मनात साठलेलं दुःख, यांनी माणूस खरोखर त्या अवस्थेत जातो. फक्त त्यावर झटक्याची गोळी चालत नाही.

काकू एवढा वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी घेतली की तो यायचा नाही का?"

हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये अशाच आनंदाच्या झटक्यांचे पेशंट नोंदवले, त्यातल्या बऱ्याच जणांना ते हवेसे वाटत, काहींनी तर औषध नीट घेतलं नाही. डॉक्टरांनी मला दोन्ही पानं शेजारी लावायला सांगितली.

"हे तुमचा जप चालला होता तेव्हाचं. बघा, निरोगी माणसाचं असतं तसं आहे. हे वास आला तेव्हाचं. मला हे दुसरं थांबवायचंय, काकू, तव्यामुळे. पहिल्याला मी हात लावत नाही."

काकूंनी चष्मा लावून दोन्ही पानं बराच वेळ पाहिली. लेव्हेटिरॅसिटॅम २५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांनी ५००. चिडचिड वाढली तर कळवायचं, मनानं बंद करायची नाही, अचानक बंद केली तर झटके जोरात उलटतात. एमआरआय, सोडियम, साखर. ५८व्या वर्षी नव्यानं सुरू झालेल्या झटक्यात गाठ, जुना पक्षाघात, मेंदूची सूज आधी वगळावी लागते. न्हाणीघराला आतून कडी नको, गॅसपाशी एकटं नको, आणि या वर्षी वारीतला दिवे घाट सुनेबरोबर.

पेस्ट कोमट पाण्यानंच निघते, घाई केली की केस तुटतात. बेसिनपाशी मी केस पुसत होते तेव्हा काकूंनी नोंदवही मागून घेतली, आमची छापील, तारीख, वेळ, किती सेकंद, पडल्या का असे रकाने असलेली. उजवीकडे पेननं आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं : 'जप झाला का.'