चहा करून दाखवा, आजी

गेल्या महिन्यात शेजारच्या इंग्रज आजींच्या स्वयंपाकघरात मी वीस मिनिटं नुसती उभी होते. चहा आजी करत होत्या. वय ८४. दारातल्या बर्फावर घसरून खुबा मोडलेला, नुकत्याच दवाखान्यातून घरी आलेल्या. बघायला एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली होती, म्हणजे दुखण्यानंतर रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी. दुधाची बाटली काढताना आजींचा तोल गेला तसा माझा हात पुढे झाला. "थांबा, त्यांना करू द्या," ती म्हणाली. ओटा धरून आजी सावरल्या. चहा झाला, पण दोन्ही हात वॉकरला, मग कप न्यायचा कसा? त्या पोरीने लिहून घेतलं. चौथ्या दिवशी चाकांची ट्रॉली दारात. खुर्ची, पलंग, कमोड, सगळ्यांची उंची टेपने मोजून गेली.

मला त्या रात्री झोप लागली नाही.

२०१९ साली गंगाखेडला आमच्या आईचा असाच खुबा मोडला, न्हाणीत पाय घसरून. ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टीच्या कागदावर तळाशी एक ओळ होती, फिजिओथेरपी घ्यावी. कुणाकडे, कधीपासून, काय करायचं, त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आईला बाजेवर निजवलं. येणारा-जाणारा म्हणे, "उठू नका माय, हाड जुळू द्या." वहिनीने जागेवर जेवू घातलं, वेणी घातली, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. तीन महिन्यांनी हाड जुळलं आणि मांड्यांच्या काड्या झाल्या. धरल्याशिवाय उभं राहायची भीती बसली ती बसलीच.

इंग्लंडात खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी, दुसरी काही अडचण नसेल तर, माणसाला उभं करा, असं २०११ पासून लेखी सांगितलेलं आहे. पडून राहिलं की स्नायू झिजतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा पडतात. आत सळई-स्क्रू बसवतात तेच मुळी लवकर उभं राहता यावं म्हणून. आणि आम्ही आईला निजवून ठेवलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एवढं साधं तंत्रसुद्धा मला या आजींकडून कळलं.

पण वहिनीच्या सेवेला कुणी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. या आजींचा मुलगा एकदाच येऊन गेला. घरी येणाऱ्या फिजिओची त्या अजून वाट बघतायत. आपल्याकडेही लातूरला, संभाजीनगरला फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. पण खुबा मोडलेल्या बाईने गंगाखेडहून एसटीत चढायचं कसं? मी तेव्हा इथे इंग्लंडातच होते. नोकरी नवी, रजा नव्हती. पैसे वेळेवर पाठवत होते, तेही काही कमी नव्हतं.

मागच्या आठवड्यात दादा आईला गाडी करून परभणीच्या फिजिओकडे घेऊन गेला. आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर व्यायाम. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवलेली, बूड उंच राहावं म्हणून वर सतरंजीची घट्ट घडी. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. काल चौथ्या खेपेला आईचे गुडघे थरथरले. वहिनी धावली.

"वहिनी, जवळ थांबा, पण धरू नका."

आई तशीच अर्धवट वाकून थांबली, मग उठली. मी बघतच राहिले.

"मोज की गं," आई म्हणाली, "चार झाले."