दोन पेन्सिल सेल आणि चार फेऱ्या

आईला मोबाइलचा पडदा जमत नाही. बोट एकीकडे लागतं आणि फोन भलतीकडे. म्हणून आमच्याकडे अजून लँडलाइन आहे, तिच्यावर कॉर्डलेस. मार्चपासून हा कॉर्डलेस दोन मिनिटं झाली की टुं-टुं करून मान टाकायला लागला, तेही मावशीच्या गप्पा रंगात आल्या की नेमका.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने फोनकडे न बघताच विचारलं, "बिल?" घरी येऊन कपाट उपसलं. बिल साडीच्या घडीत सापडलं, पण शाई उडून पार पांढरं झालेलं. खाली फक्त 'धन्यवाद, पुन्हा या' एवढंच वाचता येत होतं. गेले ना पुन्हा! (असल्या गुळगुळीत बिलाचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.) टोकन 37, चालू होतं 12. नंबर आला तेव्हा साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या फेरीला साहेब होते, पण फॉर्मवर बेसच्या, म्हणजे फोन ज्यावर ठेवून चार्ज होतो त्या स्टँडच्या, बुडाचा नंबर हवा होता आणि बेस घरी. चौथ्यांदा बेस, अडॅप्टर, वायर, सगळं पिशवीत कोंबून नेलं. साहेबांनी मॉडेल टाइप केलं आणि म्हणाले, "हे बंद झालंय मॅडम. बॅटरी येत नाही. नवीन सेट घ्या."

चार फेऱ्यांत एकानेही मागचं झाकण उघडलं नाही. मी ते परतताना रिक्षात अंगठ्याने सरकवलं. आत दोन बारके पेन्सिल सेल, ट्रिपल ए. एकावर 1.2 व्होल्ट, रिचार्जेबल. दुसऱ्यावर 1.5 व्होल्ट, बुडाला पांढरा खार. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, एक गेला होता, म्हणून रिमोटमधला घातला." साधा सेल चार्जिंगवर ठेवला तर तो गळतो, फुटूही शकतो. आमचा नुसता गळला.

कोपऱ्यावरच्या दुकानात निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे रिचार्जेबल, दोन सेल मिळाले. दोन्ही एकदम बदलायचे, सारखेच घ्यायचे. खार कोरड्या टूथब्रशने काढला, चार्जिंगच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. पहिल्यांदा 16 तास बेसवर ठेवला, माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं. अडॅप्टर मात्र त्याचाच वापरा, पिन बसते म्हणून दुसरा नको.

हो, आणि वळवाचं आभाळ भरून आलं की गडगडाटाआधीच अडॅप्टर आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज टेलिफोनच्या वायरीतूनही येते. आमचा फोन 2.4 गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायच्याच लहरींवरचा, त्यामुळे राउटरशेजारी खरखरायचा. बेस खिडकीकडे नेला, खरखर गेली. लाइट गेली की बेस मुका होतो, म्हणून साधा वायरवाला फोनही माळ्यावरून काढलाय.

काल आई मावशीशी 50 मिनिटं बोलली. जुने सेल अजून ड्रॉवरमध्येच आहेत, ई-कचऱ्याची गाडी यायची वाट बघत.